नजर अरुंद होत चालली आहे, काम आकड्यांचं आहे. नोकरी सोडावी का?

सांजवात

रेटिनायटिस पिगमेंटोसा (डोळ्यामागचा पडदा, म्हणजे दृष्टिपटल, हळूहळू निकामी करणारा आजार), वय ४४. शेवटच्या तपासणीत दोन्ही डोळे चष्म्यासह ६/१२ आणि अहवालात फक्त "दृष्टिक्षेत्र २० अंश" एवढंच लिहिलंय. काम लेखा विभागातलं आहे: बिलांची नोंद, बँक मेळ, महिनाअखेरीचे एक्सेलचे तक्ते, शिवाय वर्षातून दोनदा गोदामात जाऊन मालाची प्रत्यक्ष मोजणी.

अडचणी अशा. एका ओळीवरून दुसरीवर येताना ओळ चुकते आणि खालचीच रक्कम उचलली जाते. माउसचा बाण हरवतो. दुपारी तीननंतर वाचन जवळपास बंद पडतं. घरचे म्हणतात, डोळ्यांना ताण देऊ नकोस, राजीनामा दे.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. काम करत राहिल्याने नजर लवकर जाते का? आकड्यांचं काम पुढे कसं करतात? आणि ऑफिसात सांगायचं तर कधी आणि कोणत्या शब्दांत?

---

अंधुक_उजेड

पहिल्याचं उत्तर आधी देतो, कारण त्या एका गैरसमजापायी माणसं चालतं काम सोडून घरी बसतात. वाचल्याने, संगणकावर काम केल्याने हा आजार वाढत नाही. दृष्टिपटलाच्या पेशी जातात त्या जनुकीय दोषामुळे. डोळे थकतात, कोरडे पडतात, डोकं दुखतं, हे सगळं खरं. पण थकवा म्हणजे नुकसान नव्हे. "डोळ्यांना विश्रांती" हा या आजारावरचा उपचार नाही, हे घरच्यांना डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवा.

आता तुमचा अहवाल. "२० अंश" म्हणजे व्यास की त्रिज्या, हे विचारून घ्या. शब्दाचा फरक आहे, पण परिणाम फार मोठा. ६० सेंटिमीटरवर बसलात तर २० अंश व्यासाच्या क्षेत्रात पडद्यावरचं साधारण २१ सेंटिमीटरचं वर्तुळ मावतं. तेच २० अंश त्रिज्या असेल तर वर्तुळ ४४ सेंटिमीटरचं होतं. २४ इंची पडदा सुमारे ५३ सेंटिमीटर रुंद असतो. म्हणजे पहिल्या बाबतीत निम्म्याहून कमी रुंदी एका वेळी दिसते. बाण हरवतो तो यामुळेच.

शिवाय हे क्षेत्र कुठल्या चाचणीवर मोजलं तेही बघा. दृष्टिक्षेत्र मोजणाऱ्या हम्फ्री यंत्राच्या २४-२ चाचणीत उजेडाचे ठिपके सहा-सहा अंशांवर असतात आणि मध्यबिंदूपासून १० अंशांच्या आत जेमतेम १२ ठिपके येतात. १०-२ चाचणीत तेवढ्याच जागेत ६८ ठिपके असतात. क्षेत्र अरुंद झाल्यावर १०-२ सांगून करून घ्या, आणि कडेला एखादा दिसणारा पट्टा शिल्लक आहे का हे कळायला गोल्डमन पद्धतीची, म्हणजे सरकत्या ठिपक्याने कडेपर्यंत मोजणारी. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात चांगल्या डोळ्याचं क्षेत्र मध्यबिंदूपासून १० अंश त्रिज्येपेक्षा जास्त नसेल तर तो माणूस अंधत्वाच्या वर्गात मोडतो, मग तक्त्यावर ६/१२ वाचत असला तरीही. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी फक्त अक्षरांचा तक्ता वाचून परत येणारे पुष्कळ, आणि मग "तुम्हाला तर दिसतं" हे ऐकून घेणारेही तेच.

आणखी एक, आणि हे सर्वांत महत्त्वाचं. नजरेची अलीकडची घसरण मूळ आजाराचीच आहे असं धरून चालू नका. या आजारात मोतीबिंदू लवकर होतो, बहुधा भिंगाच्या मागच्या बाजूला, आणि तो नेमका भगभगीत उजेडात वाचन बिघडवतो. मॅक्युलाला, म्हणजे दृष्टिपटलाच्या मधल्या भागाला, सूजही येते. ती ओसीटी तपासणीत (दृष्टिपटलाच्या थरांचं चित्र काढतात ती) दिसते आणि बऱ्याच जणांत औषधाने उतरते. दोन्हींवर इलाज आहे. नोकरीचा निर्णय घेण्याआधी या दोन गोष्टी वगळल्या गेल्याच पाहिजेत.

मग आकार. मॅक्युलाच्या आजारात अक्षर मोठं करणं हा धोपटमार्ग. तुमच्यात तो उलटा पडतो. क्षेत्र अरुंद असताना अक्षर मोठं केलं की त्या वर्तुळात कमी अक्षरं मावतात, डोळा जास्त धावतो आणि ओळ अधिक चुकते. तुम्हाला जेमतेम वाचता येणारं सर्वांत लहान अक्षर शोधा, त्याच्या दुप्पट किंवा फार तर तिप्पट आकार ठेवा आणि तिथेच थांबा. पडदा जवळ ओढण्याऐवजी थोडा लांब सरकवून बघा. ८० सेंटिमीटरवर तेच २० अंश २८ सेंटिमीटर व्यापतात. मोठा पडदा मागण्याआधी एवढं करून पाहा, कारण मोठा पडदा तुमच्या अडचणीत भरच घालेल.

पार्श्वभूमी गडद आणि अक्षर फिकट ठेवा. पडदा खिडकीला काटकोनात, खिडकी समोरही नको आणि पाठीमागेही नको. कागदासाठी टेबलदिवा डोळ्यांच्या पातळीखाली आणि लिहित्या हाताच्या विरुद्ध बाजूला.

ओळ चुकण्यावर साधे उपाय: एक्सेलमध्ये शिफ्ट आणि स्पेस एकत्र दाबलं की पूर्ण ओळ रंगते. शीर्षकाची ओळ गोठवा, एकाआड एक ओळीला हलकी छटा द्या. कागदी बिलासाठी काळ्या, चमक नसलेल्या पुठ्ठ्यात १८ सेंटिमीटर लांब आणि दीड सेंटिमीटर उंच खाच कापा. ती ओळीवर ठेवली की वरखालच्या ओळी झाकल्या जातात आणि कागदाची चमकही. बाणासाठी विंडोजच्या माउस सेटिंगमध्ये "कंट्रोल दाबल्यावर बाण दाखवा" हा पर्याय चालू करा. कंट्रोल दाबलं की बाणाभोवती वर्तुळं आकसत येतात. बाण मोठा आणि पिवळा करा.

---

कळफलक

वरचं सगळं बरोबर. माझं म्हणणं एवढंच की दुपारी तीननंतर वाचन बंद पडतं, यातच उत्तर आहे. दिवसभराचं वाचन दोन डोळ्यांवर टाकू नका. धावता मजकूर कानाने ऐका: ईमेल, परिपत्रकं, लांब अहवाल. जपून ठेवलेली नजर आकड्यांच्या पडताळणीला लावा. आणि हे नजर आहे तोवरच शिका. पडद्यावर काय चाललंय ते दिसत असताना कानाला सवय लावणं फार सोपं जातं. समोरचं वाचन गेल्यावर शिकायला बसलं की कळफलक, आवाज आणि घालमेल, तिन्ही एकदम अंगावर येतात.

एनव्हीडीए हा विंडोजवरचा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्राम. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने तो लिहायला घेतला. मुख्य कळ इन्सर्ट, हवं तर कॅप्सलॉक. पहिल्या आठवड्यात एवढंच: कंट्रोल-आल्ट-एन ने सुरू करणं, कंट्रोलने बोलणं थांबवणं, इन्सर्ट-टी ने खिडकीचं नाव ऐकणं, इन्सर्ट-खालचा बाण दाबून सलग वाचून घेणं. इन्सर्ट-१ दाबलं की सरावाची अवस्था सुरू होते. मग कुठलीही कळ दाबा, तिचं नाव आणि काम ऐकू येतं, प्रत्यक्ष काही घडत नाही. रोज अर्धा तास, आवाजाचा वेग कमी ठेवून. वेग दर आठवड्याला थोडा वाढवा. पहिले दोन महिने काम आधीपेक्षा सावकाश होईल. त्या दोन महिन्यांच्या वेगावरून "हे आपल्याला जमणार नाही" असा निष्कर्ष काढू नका.

एक्सेलमध्ये नुसत्या बाणांनी फिरलात तर "सी ४७, १२५००" एवढंच ऐकू येतं आणि हा आकडा कशाचा तेच कळत नाही. त्यासाठी शीर्षकांच्या ओळीतल्या पहिल्या घरात जाऊन इन्सर्ट-शिफ्ट-सी दाबा. आता स्तंभ बदलला की त्याचं शीर्षक आपोआप बोललं जाईल. डावीकडच्या स्तंभात ग्राहकांची नावं असतील तर तिथे इन्सर्ट-शिफ्ट-आर. जोडलेली घरं, म्हणजे मर्ज केलेले सेल, हा सगळा हिशोब बिघडवतात; तक्ता तुमच्या हातात असेल तर ती मोडून टाका. लाल रंगात थकबाकी आणि हिरव्यात जमा, असे तक्तेही कानाला निरुपयोगी. शेजारी "थकीत" लिहिलेला एक स्तंभ हवा.

लेखा विभागातल्या माणसाने एक खड्डा आधीच ओळखून ठेवावा. उणे रक्कम कंसात दाखवायची पद्धत आहे. एनव्हीडीएची चिन्हं वाचण्याची पातळी नेहमीची असेल तर कंस बोलले जात नाहीत आणि उणे रक्कम अधिक असल्यासारखी ऐकू येते. इन्सर्ट-पी ने पातळी वाढवा, नाहीतर घराचं स्वरूप बदलून कंसाऐवजी उणे चिन्ह घ्या. मी दुसरा उपाय सुचवेन, कारण पातळी वाढवली की बाकीची चिन्हंही कानावर आदळत राहतात. पडताळणीसाठी नमलॉक बंद करून अंकपॅडवरचा ८ दोनदा दाबा, आकडा एकेक अंक करून ऐकू येतो. "पंधरा" आणि "पन्नास" यांत घोटाळा होत नाही.

मराठी मजकूर युनिकोडमध्ये असेल तर ई-स्पीक आवाज तो वाचतो. आवाज यंत्रासारखा आहे, पण स्पष्ट. शिवाजी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधला मजकूर मात्र पडद्यावर मराठी दिसतो आणि कानावर इंग्रजी अक्षरांचा पाऊस पडतो, कारण आत साठवलेलं सगळं इंग्रजीच असतं. जुन्या फायली आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये मजकूर नसतो, फक्त चित्र असतं. ते पडद्यावर असताना इन्सर्ट-आर दाबलं की विंडोजची अक्षर-ओळख चालते. स्कॅन ३०० डीपीआयला आणि सरळ असावं. हस्ताक्षरातली पावती यातून नीट येत नाही, तिथे माणूसच लागतो. फोनवरची वाचून दाखवणारी ॲप चांगली आहेत, पण त्यातली काही कागदाचा फोटो बाहेरच्या सर्व्हरवर पाठवतात. ऑफिसची बिलं दाखवण्याआधी परवानगी घ्या.

आणि खरी अडचण येते ती हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये. नोकरी टिकेल की नाही हे पुष्कळदा डोळ्यांपेक्षा त्यावर ठरतं. तपासणी अशी करा: माउस बाजूला ठेवून फक्त टॅबने नोंदीच्या खिडकीत फिरा. प्रत्येक रकाना आपलं नाव बोलतो का? खालच्या जाळीतली एकेक नोंद बोलते का? चुकीची तारीख टाकल्यावर येणारा इशारा ऐकू येतो, की खिडकी नुसती गप्प उभी राहते? अहवाल एक्सेलमध्ये काढता येतो का? पहिल्या तिन्हींना "नाही" आलं आणि चौथ्याला "हो", तरी निम्मं काम वाचतं: नोंद दुसऱ्याने, मेळ आणि विश्लेषण तुम्ही. सॉफ्टवेअर दूरच्या सर्व्हरवर चालत असेल तर तुमच्या संगणकावरच्या एनव्हीडीएला तो नुसता एक फोटो दिसतो. तिकडेही एनव्हीडीए असावं लागतं. २०२५.१ आवृत्तीपासून दोन्हीकडची एनव्हीडीए जोडायची सोय आतच आहे.

---

सेवापुस्तक

राजीनाम्याचा कागद सगळ्यांत शेवटी. रजा, कमी तास, कामाची अदलाबदल हे सगळं मागे फिरवता येतं. राजीनामा सहसा नाही. अनेक गटविमा आणि निवृत्तिवेतन योजनांत अपंगत्व सेवेत असताना आलं आणि तेव्हाच नोंदलं गेलं, तरच लाभ मिळतो. आधी राजीनामा आणि मग अर्ज, असं झालं की दार बंद होतं. पॉलिसीत "स्वतःचा व्यवसाय करता न येणं" लिहिलंय की "कुठलाही व्यवसाय करता न येणं", हेही वाचा. पहिली व्याख्या तुमच्या बाजूची, दुसरी फार कडक. उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी मागा.

निर्णयासाठी मोजमाप करा. दोन आठवडे रोज एका कागदावर: काम कोणतं, किती मिनिटं, किती दुरुस्त्या, दिवसाची वेळ. नुसतं "जमत नाही" असं मनाला वाटणं आणि "बँक मेळाला ४० ऐवजी ९० मिनिटं, दुरुस्त्या सकाळी एक आणि दुपारी पाच" हे कागदावर दिसणं यांत फार अंतर आहे. या एका ओळीतूनच कळतं की मेळ सकाळी घ्यायचा. मग प्रत्येक कामासमोर खूण करा: उजेड आणि आकाराने सुटेल, आवाजाने सुटेल, दुसऱ्याशी बदलून घ्यावं लागेल, किंवा सुटणारच नाही. गोदामातली मोजणी तिसऱ्या गटातली, कारण ती तुमच्या पदाचा गाभा नाही, वर्षातले दोन दिवस आहेत. त्या बदल्यात दुसऱ्याचं एखादं काम स्वतःहून मागा. अदलाबदल म्हटलं की समोरचा ऐकतो.

सोयी लागल्यापासून बारा आठवड्यांनी तेच मोजमाप पुन्हा करा. गाभ्याच्या कामांना तेव्हाही दुप्पट वेळ लागत असेल, चुका कमी होत नसतील आणि घरी आल्यावर तुम्ही कुणाशी बोलण्याच्याही अवस्थेत नसाल, तर हे पद बदलायला हवं. काम सोडायला हवं असं मात्र त्यावरून ठरत नाही. दुसऱ्या टेबलाचा विचार त्यानंतर, आणि बाहेर पडण्याचा त्याच्याही नंतर. आणि सगळं करून बाहेर पडलात तर त्यात कमीपणा नाही.

कधी सांगावं? मोठी चूक उघडकीला येण्याआधी. चुकीनंतर सांगितलेलं कारण सबबीसारखं वाटतं, कितीही खरं असलं तरी. कसं? वीस मिनिटांची वेळ मागून, समोरासमोर, आणि त्याच दिवशी ईमेलने. आजाराचं नाव, वारसा, पुढे काय होईल, यात शिरू नका. परिणाम आणि मागणी सांगा. मसुदा असा:

"माझं समोरचं वाचन ठीक आहे, बाजूचं दृष्टिक्षेत्र कमी झालं आहे. त्यामुळे मोठा तक्ता एका नजरेत दिसत नाही आणि मंद उजेडात चालताना अडचण येते. कामासाठी मला तीन गोष्टी लागतील: संगणकावर एनव्हीडीए बसवण्याची परवानगी, आठवड्यातून तीन तास प्रशिक्षण, आणि गोदाम मोजणीऐवजी दुसरी जबाबदारी. तीन महिन्यांनी कामाचे आकडे घेऊन आपण आढावा घेऊ."

मागणीला आधार हवा असेल तर २००६ मध्ये स्वीकारलेला संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार पाहा. त्याचं २७ वं कलम रोजगाराचं आहे. कामाच्या जागी वाजवी सोयी आणि नोकरी टिकवण्याचे कार्यक्रम दोन्ही त्यात येतात. "वाजवी" या शब्दाकडे लक्ष द्या. मालकावर अवाजवी बोजा पडेल अशी सोय त्यात बसत नाही, म्हणून मागणी छोटी आणि नेमकी ठेवलेली बरी.

---

सांजवात

फार मदत झाली. अहवालातलं विचारून घेतलं, २० अंश हा व्यासच आहे. ओसीटी पुढच्या आठवड्यात. दोन शंका उरल्या. हेडफोन लावून बसल्यावर सहकाऱ्यांचं बोलणं आणि फोन कसा ऐकायचा? आणि कधीकधी भिंतीवर नसलेली नक्षी, जाळी दिसते. हे घरी सांगायलाही भीती वाटते.

---

पांढरी_काठी

नक्षीचं आधी. नजर कमी झाली की मेंदूला डोळ्यांकडून मिळणारी माहिती घटते आणि तो स्वतःच चित्रं भरतो. जाळ्या, विटांची रचना, चेहरे, छोटी माणसं, काहीही. याला चार्ल्स बोने सिंड्रोम म्हणतात. १७६० मध्ये या स्विस निसर्ग-अभ्यासकाने आपल्या आजोबांना दिसणाऱ्या आकृत्यांची नोंद केली, त्यावरून हे नाव. दिसतंय ते खरं नाही हे तुम्हाला कळतंय आणि सोबत आवाज ऐकू येत नाहीत, तर हे वेडाचं लक्षण नाही. उजेड वाढवणं, नजर झरझर एका बाजूकडून दुसरीकडे नेणं, उभं राहून चार पावलं टाकणं, याने बहुधा चित्र विरतं. डॉक्टरांना सांगा आणि घरीही सांगा. गुपित ठेवलं की भीतीच वाढते. मात्र अचानक विजेसारख्या चमका, काळ्या ठिपक्यांचा थवा किंवा कडेने पडदा ओढल्यासारखं झालं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे; दृष्टिपटल सुटण्याची ती खूण असू शकते.

२० अंश व्यास आहे, तर चालण्याचंही बघा. ऑफिसात धडक बसते ती अर्ध्या उघड्या ड्रॉवरला, मागे सरकवलेल्या खुर्चीला आणि काचेच्या दाराला. ड्रॉवर बंद ठेवायचा नियम सगळ्यांसाठी करून घ्या, काचेवर डोळ्यांच्या उंचीला ठळक पट्टी, जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी. उन्हातून आत आलात की दाराशी एक-दोन मिनिटं थांबा, या आजारात डोळे अंधाराला फार सावकाश सरावतात. काठी शिकून घ्या, नजर असतानाच. "मला तर दिसतं" म्हणून लोक टाळतात आणि एखाद्या संध्याकाळी पायरी चुकते. काठी हातात असली की समोरचे लोकही वाट देतात आणि जमिनीकडे बघत चालायचं थांबल्याने मान मोकळी होते.

---

कळफलक

हेडफोन एकाच कानाचा घ्या, किंवा गालाच्या हाडावर बसणारा. त्यात दोन्ही कान उघडे राहतात. गोंगाटाच्या खोलीत मात्र हाडावरचा कमी पडतो. फोनवर बोलताना कंट्रोलने आवाज तेवढ्यापुरता थांबतो. बराच वेळ गप्प ठेवायचं असेल तर इन्सर्ट-एस. पुन्हा दाबत गेलात की आवाज परत येतो.

फोनवर कुणी आकडा विचारला आणि त्याच वेळी तो कानाने वाचायचा, ही कसरत कायम राहते. त्यावर खरा इलाज ब्रेल डिस्प्ले. कळफलकासमोर ठेवायची पट्टी, त्यावर पडद्यावरचा मजकूर ठिपक्यांत उमटतो. २०, ३२, ४० घरांच्या पट्ट्या मिळतात. हिशोबाला ४० घरांची सोयीची, कारण नाव आणि रक्कम एकाच वेळी बोटाखाली येतात. संगणकी ब्रेलमध्ये घराला सहाऐवजी आठ ठिपके असतात. मोठेपणी ब्रेल शिकायला महिने लागतात. पण आकडे फक्त दहा आहेत, ते आधी शिका. रोज वीस मिनिटं, बोट दाबून नव्हे, अलगद फिरवून. दाबलं की ठिपके एकमेकांत मिसळल्यासारखे वाटतात आणि माणूस आपल्या बोटांनाच दोष देतो. मधुमेहाने बोटांची संवेदना कमी झाली असेल तर हा मार्ग अवघड, ते आधी तपासून घ्या.

ओसीटीचं काय निघालं ते इथे लिहा. सूज किंवा मोतीबिंदू निघाला तर त्यावरचे उपचार होऊन नजर स्थिरावेपर्यंत दोन आठवड्यांचं ते मोजमाप सुरू करू नका, आकडे फसवे येतील.